सील म्हणजे कुलूप नव्हे



आपल्या मंडळात मासे खाणारे पुष्कळ, मासे पकडणारे थोडे, आणि मासे पकडायची अवजारं नीट सांभाळणारे त्याहून थोडे. या तिसऱ्या गटाची संख्या वाढावी म्हणून हा लेख लिहितो आहे. शाकाहारी सभासदांनीही पान उलटू नये अशी विनंती आहे. विषय गळाच्या रिळाचा असला तरी प्रश्न प्रत्येक घरातला आहे.

समुद्रकाठी गळ टाकायला जाणारी मराठी मंडळी आता सँडी हुकला दिसतात, आयलंड बीचला दिसतात, हौशी लोक पार मॉन्टॉकपर्यंत जातात. कोणाला स्ट्राइप्ड बास हवा असतो, कोणाला ब्लूफिश, आणि दक्षिणेकडे राहणाऱ्यांना स्पॅनिश मॅकरल. हा मासा आपल्या सुरमईचा सख्खा चुलतभाऊ, त्यामुळे तो तव्यावर पडला की मालवणची आठवण होणारच. ही मंडळी रीळ घ्यायला दुकानात गेली की तिथला माणूस सांगतो, ‘हे सील्ड आहे, याला काही करावं लागत नाही.’ आपण निम्मं वाक्य ऐकून निम्मं विकत घेतो. तीन-चार मोसम जातात. हँडल जड फिरू लागतं, आतून खरखर येते, एक दिवस ते अडतं. मग रीळ गराजच्या खिळ्यावर जातं आणि दुकानातून दुसरं येतं, तेही सील्ड.

माझं मत स्पष्ट आहे. सीलबंद रीळ म्हणजे कधीच न उघडायचं रीळ नव्हे. ते वर्षातून एकदा, घरच्या टेबलावर, आपल्याच हातांनी उघडायला हवं. आणि शक्य असेल तर त्या टेबलाशी घरातलं एक लहान आणि एक वडीलधारं माणूस बसलेलं असावं.

आधी एक घोटाळा दूर करतो. झाकलेलं रीळ वेगळं आणि सीलबंद रीळ वेगळं. मुलांना आपण अंगठ्यानं बटण दाबायचं जे रीळ देतो त्याचा दोरा टोपीखाली झाकलेला असतो, पण पाणी आत जायला त्याला काहीच अटकाव नसतो. अशा रिळाची कथा मजेची आहे. ओक्लाहोमातल्या टल्सा गावी ‘झीरो अवर बॉम्ब कंपनी’ तेलविहिरींसाठी सुरुंग बनवत असे. टेक्सासमधल्या आर. डी. हल नावाच्या घड्याळदुरुस्ती करणाऱ्या माणसानं आपली रिळाची कल्पना त्यांच्याकडे नेली, आणि १९४९ साली कंपनीनं पहिलं रीळ बाजारात आणलं. आजचा झेबको हा ब्रँड म्हणजे त्याच नावाची आद्याक्षरं. घड्याळं उघडून बसणाऱ्या माणसाच्या डोक्यातून निघालेलं यंत्र आपण उघडायला घाबरावं, हे जरा विनोदीच आहे.

सीलबंद रीळ म्हणजे ज्याच्या सांध्यासांध्यात रबराच्या कड्या आणि गॅस्केटं बसवलेली असतात ते. हँडल आत शिरतं तिथे, मधला दांडा बाहेर येतो तिथे, बाजूच्या झाकणाखाली आणि ब्रेकच्या, म्हणजे ड्रॅगच्या, चकत्यांवर. खोक्यावर बहुधा आयपीएक्स-५, ६ किंवा ८ असा आकडा छापलेला असतो. तो काय सांगतो ते पाहा. पाच म्हणजे ६.३ मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला १२.५ लिटर पाण्याचा फवारा सोसणं. सहा म्हणजे १२.५ मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला १०० लिटरचा मारा सोसणं. पाण्यात बुडवण्याची चाचणी सातपासून सुरू होते, एक मीटर खोल अर्धा तास, आणि आठमध्ये खोली व वेळ कंपनी ठरवते. म्हणजे सहा आकड्याचं रीळ फवाऱ्यासाठी तपासलेलं आहे, लाटेत बुडवण्यासाठी नव्हे. शिवाय ही चाचणी नव्या कोऱ्या वस्तूवर, साध्या पाण्यानं होते. तीन मोसम वाळू खाल्लेल्या रबराबद्दल तो आकडा एक अक्षरही बोलत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. सील पाण्याला आत येऊ देत नाही, तसंच आत आलेल्या पाण्याला बाहेरही जाऊ देत नाही. साध्या रिळात पाणी शिरतं आणि वाळतंही. सीलबंद रिळात चमचाभर खारं पाणी शिरलं की ते तिथेच मुक्काम करतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. बेअरिंगसाठी यापेक्षा वाईट शेजार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण या मुठीत काय चाललं आहे ते बाहेरून कळत नाही, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

पाणी शिरतंच कसं, असं आपल्यातले इंजिनिअर विचारतील. त्यांच्यासाठी छोटा हिशेब. काळं रीळ उन्हात चाळीस अंशांपर्यंत तापलं आणि मग पंधरा अंशांच्या लाटेत गेलं, तर आतली हवा थंड होऊन तिचा दाब साधारण आठ टक्क्यांनी घटतो. म्हणजे जवळजवळ ऐंशी सेंटिमीटर पाण्याच्या दाबाइतकी ओढ आतून बसते. एखाद्या कडीवर केस किंवा वाळूचा कण अडकला असेल, तर रीळ पाणी स्वतःच ओढून घेतं.

हे सगळं आपल्याला नवीन आहे का? मुळीच नाही. आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात एक सीलबंद यंत्र आहे, त्याचं नाव प्रेशर कुकर. कुकरची रिंग आपण रोज काढतो, धुतो, पुसतो. सैल झाली तर थंड पाण्यात ठेवतो. अगदीच गेली तर बदलतो, आणि भारतातून येताना बॅगेत दोन जास्तीच्या रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह न विसरता आणतो. रिंग गेली म्हणून कुकर कचऱ्यात टाकलेलं मराठी घर मी पाहिलेलं नाही. ‘कुकर सीलबंद असतो, त्याला काही करावं लागत नाही’ असं कोणी आपल्या आईला सांगितलं असतं तर तिनं त्याच्याकडे कसं पाहिलं असतं ते डोळ्यांसमोर आणा. रिळाला फक्त तेवढाच न्याय द्यायचा आहे.

तर करायचं काय? दोन गोष्टी: प्रत्येक खेपेनंतरची आणि वर्षातून एकदाची.

घरी आल्यावर आधी ड्रॅगची कळ घट्ट करा, म्हणजे चकत्यांत पाणी जाणार नाही. मग नळाच्या हलक्या धारेनं, पावसाच्या सरीसारखं, रीळ धुवा. जोराचा फवारा नको, तो मीठ आणि वाळू सीलखाली ढकलतो. बादलीत बुडवून ठेवणं तर नकोच. रीळ तापलेलं असेल तर आधी सावलीत गार होऊ द्या. पुसून वाळवा आणि ड्रॅग सैल करून ठेवा, नाहीतर चकत्या दबून राहतात. दोरा जिच्यावरून फिरतो त्या छोट्या चाकीला एक थेंब तेल द्या, ते चालणार असेल तर. ‘असेल तर’ का, ते पुढे सांगतो.

वर्षातून एकदाचं काम जानेवारी-फेब्रुवारीत करावं. टेबलावर जुना पांढरा टॉवेल पसरा, म्हणजे स्प्रिंगा घरंगळणार नाहीत आणि पडलेली चकती दिसेल. अंड्यांचा रिकामा ट्रे घ्या आणि निघेल तो भाग त्याच क्रमानं एकेका खळग्यात ठेवा. प्रत्येक पायरीला फोनवर फोटो काढा. बहुतेक कंपन्या रिळाचा सुट्या भागांचा आराखडा देतात, त्यात प्रत्येक भागाला क्रमांक असतो. तो छापून शेजारी ठेवा. जपानी रिळांचे स्क्रू जपानी मापाचे असतात. नेहमीचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर त्यात घसरतो आणि डोकं खराब करतो. जेआयएस मापाचा एक संच घेऊन ठेवा.

आधी फिरकी काढा, मग हँडल, मग रोटरची नटी. नटीला बऱ्याचदा छोटा अडकवणीचा स्क्रू असतो, तो आधी. काही रिळांत आटे उलटे असतात, म्हणून नटी हलत नसेल तर जोर लावण्याआधी आराखडा बघा. रोटरखाली एकाच दिशेला फिरणारं बेअरिंग असतं, ज्याच्यामुळे हँडल मागे फिरत नाही. ते सुटं करू नका, त्यातल्या बारीक सळ्या आणि स्प्रिंगा उडाल्या की सापडत नाहीत. त्यात ग्रीसही भरू नका. पातळ तेलाचा थेंब पुरे. ग्रीस भरलेलं हे बेअरिंग थंडीत घसरतं आणि नेमका मासा लागल्यावर हँडल उलटं फिरतं.

मग बाजूचं झाकण. आतलं ग्रीस कसं दिसतं यावर सगळं निदान आहे. कंपनीनं भरलेल्या रंगाचंच असेल तर सील शाबूत आहे. ताकासारखं पांढुरकं झालं असेल तर पाणी मिसळलं आहे. तांबूस असेल तर गंज सुरू झाला आहे. धातूची दातेरी चाकं मिनरल स्पिरिटनं, खिडकी उघडी ठेवून, धुवा. रबर आणि प्लॅस्टिक मात्र फक्त साबणाच्या पाण्यानं. बेअरिंग बोटावर फिरवून पाहा, खरखरलं तर बदला. ते मिलिमीटरच्या मापानं मिळतं आणि फार महाग नसतं. रबरी कड्या निरखून पाहा. चपटी झालेली, चिरलेली किंवा कडक झालेली कडी परत बसवू नका. चांगल्या कडीला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. दात्यांना सागरी वापराचं ग्रीस लावा, लिंपू नका. ड्रॅगच्या कार्बनच्या चकत्यांना त्यांचंच वेगळं ग्रीस लागतं. डब्ल्यूडी-४० हे मुळात पाणी हटवायचं औषध आहे, ग्रीसची जागा घेणारं वंगण नव्हे. ते चांगलं ग्रीसही धुऊन नेतं.

परत जोडताना ट्रेच्या शेवटच्या खळग्यापासून उलट या. स्क्रू बसवताना आधी तो उलटा फिरवा, आटे जुळल्याचा बारीक ‘टक’ जाणवला की मगच सुलटा फिरवा. आट्यांना किंचित ग्रीस लावा, कारण खाऱ्या हवेत अॅल्युमिनियममध्ये स्टेनलेसचा स्क्रू अक्षरशः चिकटून बसतो. पहिल्या वेळी दोन-तीन तास लागतील, सवय झाली की एक.

एक मर्यादा मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. सगळंच घरी उघडायचं नसतं. डायवा कंपनीच्या काही रिळांत रबराऐवजी लोहचुंबकानं धरून ठेवलेल्या तेलाचं सील असतं. तसं चुंबकीय द्रव मूळचं १९६० च्या दशकात नासामध्ये तयार झालं. ज्या बेअरिंगमध्ये किंवा दोऱ्याच्या चाकीत हे तेल आहे तिथे आपला तेलाचा थेंब किंवा स्पिरिट गेलं, तर सील संपलं. ते काम कंपनीच्या दुकानाकडेच द्यावं. आपल्याला काय येतं आणि काय येत नाही हे कळण्यासाठीसुद्धा आराखडा वाचावा लागतो, तो वाचणं हीच अर्धी दुरुस्ती आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप वॉरंटीचा. ‘उघडलं की वॉरंटी गेली’ ही भीती आपल्यात फार खोल आहे. परक्या देशात नियम मोडायला आपण बिचकतो, आणि ते चांगलंच आहे. पण नियम काय आहे ते तरी बघा. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार कंपनीला, काही अपवाद सोडता, अमुकच दुकानात दुरुस्ती करा नाहीतर वॉरंटी रद्द, अशी अट घालता येत नाही. २०१८ साली फेडरल ट्रेड कमिशननं अशा अटींबद्दल सहा कंपन्यांना ताकीदही दिली. अर्थात आपण स्वतः मोडलं ते कंपनी भरून देणार नाही, तशी अपेक्षाही नको. घाबरट माणसानं वॉरंटीचा काळ संपल्यावर सुरुवात करावी, पण सुरुवात करावी.

दुसरा आक्षेप वेळेचा. ‘माझ्या तासाची किंमत एवढी, मग मी दीडशे डॉलरच्या रिळावर तीन तास का घालवू?’ हा हिशेब आपल्या सुशिक्षित मंडळींचा आवडता. पण त्या तीन तासांत एरवी काय होणार असतं? बहुधा सोफा आणि टीव्ही. त्या वेळेचं बिल कोणी लावत नाही. आणि हिशेबच करायचा तर पूर्ण करा: ग्रीसची एक नळी आणि चार रबरी कड्या अनेक वर्षं पुरतात, रीळ मात्र दर तीन वर्षांनी नवं.

तिसरा आक्षेप कोणी उघडपणे बोलत नाही, पण असतो. ‘आम्ही इथे आलो ते पुन्हा स्टोव्हच्या पिना मारायला नव्हे.’ हा आक्षेप मला समजतो. ज्यांनी रॉकेलच्या रांगा, स्कूटर तिरपी करून सुरू करण्याच्या कसरती आणि ‘पार्ट मुंबईहून मागवावा लागेल’ हे वाक्य भोगलं आहे, त्यांना नवी वस्तू आणून जुनी टाकून देणं ही सुटका वाटते. वाटू द्या. पण अडचणीतून आलेली दुरुस्ती वेगळी आणि आवडीनं केलेली वेगळी. अडचण मागे टाकताना हातातलं कसबही मागे टाकायला हवं असं नाही. इथल्या लोकांनाही ते पटू लागलं आहे. न्यूयॉर्कनं २०२२ मध्ये, आणि मिनेसोटा व कॅलिफोर्नियानं २०२३ मध्ये, इलेक्ट्रॉनिक वस्तू लोकांना दुरुस्त करता याव्यात म्हणून कायदे केले. रिळं त्या कायद्यांत येत नाहीत, पण जे हक्क इतर वस्तूंसाठी झगडून मिळवावे लागले ते रिळाच्या बाबतीत खोक्यातल्या आराखड्यासोबत फुकट मिळतात. सर्फवर ज्या पेन कंपनीची रिळं घराघरात आहेत, ती १९३२ साली फिलाडेल्फियात ऑटो हेंझ यांनी सुरू केली. तेही जर्मनीहून दहा वर्षांपूर्वी आलेले स्थलांतरितच होते.

मात्र माझ्या आग्रहाचं खरं कारण रीळ नाही. आपल्याकडे दर वर्षी कितीतरी घरांत आई-वडील सहा महिन्यांसाठी येतात. पहिला महिना कौतुकात जातो, दुसरा सहलींत, आणि मग सुरू होतं खिडकीशी बसणं. गाडी चालवता येत नाही, बाहेर बर्फ, मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत. संध्याकाळी नातू घरी येतो, ‘हाय आजोबा’ म्हणून वर निघून जातो. आजोबांचं इंग्रजी आणि नातवाचं मराठी दोन्ही चार वाक्यांत संपतं. आणि हेच आजोबा एके काळी घरचा मिक्सर, सायकल, शिवणयंत्र, स्कूटरचा प्लग सगळं स्वतः उघडून बसवत होते. आजीनं किती कुकर ठणठणीत ठेवले त्याची गणती नाही. त्यांच्या हातात इथे आपण काय देतो? रिमोट.

त्यांच्यापुढे रीळ ठेवून बघा. नातवाला फोटो काढायला लावा आणि आराखड्यावरचे क्रमांक इंग्रजीतून वाचू द्या. आजोबा हात चालवतील आणि बोलतील मराठीतून: पाना दे, पक्कड दे, वायसर कुठे गेला, आटे उलटे आहेत बघ, दाते झिजलेत का पाहा, जोर लावू नकोस, बेतानं. आपल्या रविवारच्या मराठी वर्गात ‘आटा’ म्हटलं तर मुलं पोळ्या म्हणतील. आट्याचा दुसरा अर्थ फळ्यावर लिहून येत नाही, बोटाला लागावा लागतो. भाषा टिकवण्यासाठी आपण वर्ग, स्पर्धा, नाटकं सगळं करतो, आणि करावंच. पण एकत्र काम करताना जी भाषा येते ती टिकाऊ असते, कारण तिच्यावाचून त्या क्षणी काम अडलेलं असतं.

दुसरी गोष्ट मुलांची. त्यांच्या भोवतालच्या जवळजवळ सगळ्या वस्तू बंद आहेत. फोन चिकटवलेला, खेळणी चिकटवलेली, बिघडलं की परत पाठवायचं. ‘आत काय आहे’ हा प्रश्नच विचारायची सवय जाते. ज्या मुलीनं एकदा स्वतः रीळ उघडून, पुसून, जोडून ते पुन्हा गुळगुळीत फिरताना बोटांनी अनुभवलं, ती पुढे इंजिनिअर होवो न होवो, बिघडलेल्या वस्तूकडे पाहून ती घाबरणार नाही. मुलगी मुद्दाम म्हटलं, कारण गळ आणि पाना हातात द्यायची वेळ आली की अजून आपण आधी मुलाकडे बघतो.

म्हणून कार्यकारिणीला माझी एक सूचना आहे. संक्रांतीच्या कार्यक्रमानंतरचा एखादा रविवार दुपारचा ठेवावा. कोणाचंही मोठं तळघर चालेल. ज्याचं त्यानं आपलं रीळ आणावं, सीलबंद असो वा साधं, अडलेलं असेल तर उत्तम. मंडळानं एकच खर्च करावा: जेआयएस स्क्रू ड्रायव्हरचा संच, एक-दोन प्रकारचं ग्रीस, पातळ तेल आणि रबरी कड्यांचा डबा. हे सामान नंतर ग्रंथालयातल्या पुस्तकासारखं घरोघर फिरावं. आमंत्रण देताना एक अट घालावी: प्रत्येक रिळाबरोबर घरातलं एक वडीलधारं माणूस किंवा एक मूल यायलाच हवं, दोघंही आले तर चहाबरोबर चकली जास्त. ज्यांच्याकडे रीळ नाही त्यांनी सैल झालेला कुकर आणावा, तिथे शिकवणाऱ्या आजींची वाण पडणार नाही.

हात फिरे तिथे लक्ष्मी शिरे, असं आपल्याकडे म्हणतात. गराजच्या खिळ्यावर लटकलेलं रीळ या आठवड्यात खाली काढा, हँडल एकदा फिरवून कान लावा, आणि खरखर ऐकू आली तर दुकानात जाण्याआधी आजोबांना हाक मारा.

— एक सभासद